खिशातला म्युझिक प्लेअर कसा निवडावा: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला, ॲपलचा आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये जाहीर झाला, आणि मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बनवणं थांबवल्याचं सांगितलं. त्यामुळे खिशातल्या प्लेअरचा जमाना संपला, असं बऱ्याच जणांना वाटतं. तो संपलेला नाही. सोनी आजही वॉकमन बनवते, आणि फीओ, शानलिंग, हायबाय या चिनी कंपन्या काडेपेटीएवढ्या प्लेअरपासून फोनएवढ्या प्लेअरपर्यंत सगळं विकतात. अडचण निवडीची आहे. जाहिरातींत चिपची नावं आणि मोठमोठे आकडे असतात, आणि नवख्या माणसाला त्यातलं कामाचं काय ते कळत नाही. म्हणून ज्या क्रमाने विचार केला तर पैसे वाया जात नाहीत, त्या क्रमाने लिहितो.

पहिली पायरी: प्लेअर हवाच आहे का?

तुम्ही गाणी फक्त ॲपवर ऐकत असाल आणि कानात बिनतारी इयरबड असतील, तर वेगळा प्लेअर घेऊ नका. ब्लूटूथने गाणं पाठवलं की प्लेअरमधला आवाज घडवणारा भाग, म्हणजे डॅक (फाइलीतल्या आकड्यांचे आवाजाचे विद्युत संकेत करणारा भाग) आणि ॲम्प्लिफायर, कामालाच लागत नाही. ते काम इयरबडच्या आतली इवलीशी चिप करते. प्लेअरच्या ज्या भागासाठी तुम्ही पैसे मोजलेत तोच बाजूला पडतो.

तारेचा इयरफोन आहे पण फोनला गोल पिनेची जागा नाही, अशी अडचण असेल तर आधी डाँगल वापरून बघा. यूएसबी-सीला लावायचा, दीडेक बोट लांबीचा हा डॅक हजार-दीड हजारात मिळतो आणि त्यातले चांगले डाँगल खरोखर स्वच्छ वाजतात. ॲपलचा छोटा पांढरा डाँगल मोजमापात फार चांगला ठरलेला आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बारीक येतो. अँड्रॉइडवाल्यांनी दुसरा बघावा.

वेगळा प्लेअर कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे स्वतःचा संग्रह आहे त्यांनी. सीडीवरून उतरवलेलं नाट्यसंगीत, घरच्या मैफलीची ध्वनिमुद्रणं, विकत घेतलेले अल्बम, वर्षानुवर्षं जमवलेले अभंग. दरबारी रागातला विलंबित ख्याल रंगात आला असताना मध्येच बँकेचा फोन नको, असं वाटणाऱ्यांनीही जरूर घ्यावा. नेटवर्क नसलेल्या घाटात आणि गावाला जाताना एसटीत याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

दुसरी पायरी: गाणी कुठून वाजणार ते ठरवा

प्लेअर दोन जातीचे असतात. एक साधे: कार्ड घालायचं, बटण दाबायचं, गाणं सुरू. दुसरे अँड्रॉइडवाले: वायफाय, ॲप, मोठा पडदा. ॲपल म्युझिकसारखी सेवा प्लेअरवर थेट हवी असेल तर दुसरी जात लागते. सोनीचा एनडब्ल्यू-ए३०६ हा त्यातला खिशात सहज मावणारा, हलका प्लेअर.

माझं मत साध्या प्लेअरच्या बाजूचं आहे. अँड्रॉइड जुनं होतं, तीन-चार वर्षांत ॲप कुरकुरायला लागतात, आणि आवाज उत्तम असूनही यंत्र कंटाळवाणं होतं. साधा प्लेअर काही सेकंदांत सुरू होतो, बॅटरी जास्त टिकते, किंमतही कमी. सहा-सात हजारांपासून चांगले साधे प्लेअर मिळायला लागतात. अँड्रॉइडवाल्यांसाठी साधारण वीस हजारांच्या पुढेच बघावं, त्याखालचे संथ असतात.

तिसरी पायरी: आधी इयरफोन, मग प्लेअर

इथे बहुतेकांचा क्रम उलटा होतो. आवाजातला सगळ्यात मोठा फरक मूळ ध्वनिमुद्रणाने पडतो, त्याखालोखाल इयरफोनने, आणि मग प्लेअरने. दहा हजार खर्च करायचे असतील तर त्यातले तीन-चार हजार कानाला लागणाऱ्या वस्तूसाठी ठेवा. आजकाल दोन-अडीच हजारांत कानाच्या आत बसणारे तारेचे असे इयरफोन मिळतात, की पूर्वी तसा आवाज ऐकायला पाचपट पैसे लागत.

इयरफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक ओहम, म्हणजे विद्युतविरोध. दुसरा संवेदनशीलता, म्हणजे एक मिलिवॉट दिल्यावर किती डेसिबल आवाज येतो. कानातले इयरफोन साधारण १६ ते ३२ ओहमचे असतात. समजा तुमचा १६ ओहमचा आणि १०५ डेसिबलचा आहे. त्याला मोठ्या आवाजासाठी एक मिलिवॉटही पुरतो. वर सांगितलेल्या सोनीची ताकद १६ ओहमला प्रत्येक बाजूस ३५ मिलिवॉट आहे. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण अशा इयरफोनला तो पुरून उरतो. तुमच्याकडे ३०० ओहमचा मोठा, कान झाकणारा हेडफोन असेल तर गणित बदलतं. तिथे दीड-दोन व्होल्ट देणारा प्लेअर हवा, आणि काडेपेटीएवढे प्लेअर बऱ्याचदा तिथे धापा टाकतात.

इयरफोनची रबरी टोपी कानात नीट बसली पाहिजे, ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच. खोक्यात तीन मापांच्या टोप्या येतात आणि लोक आधीपासून लावलेली मधली टोपी घालून मोकळे होतात. टोपी सैल असेल तर खर्जाचा आवाज बाहेर निसटतो आणि माणूस प्लेअरला नावं ठेवतो. तिन्ही मापं घालून बघा. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळं माप लागणंही अगदी नेहमीचं आहे. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली घसीट पोटातून आल्यासारखी ऐकू आली, की टोपी बसली समजा.

चौथी पायरी: कागदावरचे आकडे

चिपचं नाव वाचून प्लेअर निवडू नका. एकच डॅक चिप दोन कंपन्यांच्या प्लेअरमध्ये वेगळी वाजू शकते, कारण तिच्या पुढचा ॲम्प्लिफायर, वीजपुरवठा आणि मांडणी वेगळी असते. आजच्या बहुतेक चिप इतक्या चांगल्या आहेत की अडचण चिपमध्ये नसतेच.

याउलट ज्या आकड्याकडे कुणी बघत नाही तो बघा: आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे प्लेअरचा स्वतःचा विद्युतविरोध. तोही ओहममध्येच मोजतात. प्लेअरचा हा आकडा तुमच्या इयरफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, असा जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे. १६ ओहमच्या इयरफोनसाठी २ ओहमच्या आत, आणि एकच्या आत असेल तर उत्तम. हा आकडा मोठा असला की काही इयरफोनचा पोतच बदलतो. विशेषतः ज्यांच्या आत तीन-चार वेगवेगळे सूक्ष्म ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, असतात, त्यांचा खर्ज किंवा टीप मूळ स्वभाव सोडून वर-खाली होते.

‘हाय-रेझ’चं, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या फाइली वाजतात असं सांगणारं, सोनेरी चिन्ह बघून हुरळून जाऊ नका. सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची असते. त्यात बारीक आणि मोठ्या आवाजातलं ९६ डेसिबलचं अंतर मावतं आणि साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर येतात. माणसाचा कान तरुणपणी जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि वयाबरोबर ती मर्यादा खाली येत जाते. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचा उपयोग ध्वनिमुद्रण आणि संपादन करणाऱ्याला आहे. लोकलच्या डब्यात उभ्याने ऐकणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. १९२५ च्या आधी भोंग्यात गाऊन मुद्रित झालेल्या तबकड्यांमध्ये तर वरचे स्वर मुळात टिपलेच गेलेले नाहीत. अशा तबकडीची १९२ किलोहर्ट्झची फाइल वाजवली तर तेवढीच खरखर अधिक जागा व्यापून ऐकू येईल.

४.४ मिलिमीटरची ‘बॅलन्स्ड’ जागा, म्हणजे दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारी जागा, अवघड हेडफोनला जास्त ताकद देते, हे खरं. साध्या इयरफोनसाठी केवळ तेवढ्याकरता जास्त पैसे देऊ नका. ३.५ मिलिमीटरची नेहमीची जागा असली की झालं.

पाचवी पायरी: रोजचा वापर

परीक्षणांमध्ये आवाजावर पानंच्या पानं असतात आणि याबद्दल दोन ओळी. खरं तर प्लेअर कपाटात पडून राहतो तो याच कारणांनी.

बटणं आधी बघा. आवाज कमी-जास्त करणं, गाणं पुढे नेणं आणि थांबवणं, ही तीन कामं खिशात हात घालून, पडदा न बघता जमली पाहिजेत. फक्त टचस्क्रीनवर चालणारा छोटा प्लेअर चालताना वापरणं म्हणजे वैताग असतो.

दोन ट्रॅकमध्ये खंड न पडता गाणं चालू राहण्याची सोय, ज्याला गॅपलेस म्हणतात, ती आहे का विचारा. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला हिचा फरक पडणार नाही. पण मैफलीच्या सीडीत सलग गायन दोन ट्रॅकमध्ये विभागलेलं असतं. विलंबित संपून द्रुत सुरू होताना तंबोरा चालूच असतो, आणि नेमक्या त्याच जागी अर्धा सेकंद शांतता पसरली की सगळा रंग उतरतो. एमपी३ फाइल बनवतानाच तिच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी जागा जोडली जाते, त्यामुळे हा त्रास त्यात जास्त. फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता लहान केलेल्या फाइलमध्ये ती अडचण नाही, प्लेअरने साथ दिली की झालं.

मग देवनागरी. हे इंग्रजी परीक्षणांत सापडणार नाही. बऱ्याच लहान प्लेअरमध्ये देवनागरी टंक नसतो, आणि तुमच्या अल्बमच्या नावांच्या जागी चौकोन दिसतात. काहींत टंक असतो पण अक्षरं जुळवण्याची अक्कल नसते: ‘विठ्ठल’मधली ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन बसते, ‘ठ्ठ’ फुटून मध्ये पाय मोडलेला दिसतो, ‘कीर्ती’चा रफार जागेवर जातच नाही. चार अक्षरांचं नाव वाचता येतं, पण शंभर अभंगांची यादी अशी वाचणं डोक्याला ताप आहे. म्हणून घेण्याआधी स्वतःची देवनागरी नावं असलेली फाइल कार्डात घालून पडद्यावर बघा. नाहीच जमलं तर नावं रोमन लिपीत लिहा आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला 01, 02 असे दोन अंकी आकडे इंग्रजी अंकांत टाका. नुसता १ लिहिला तर काही प्लेअर १ नंतर थेट १० वाजवतात.

फोल्डरनुसार गाणी बघता येतात का, हेही तपासा. आपल्याकडच्या जुन्या फाइलींमध्ये गायकाचं नाव, रागाचं नाव, वर्ष ही माहिती नीट भरलेली नसते. फक्त त्या माहितीवर चालणारा प्लेअर सगळं काही ‘अनोळखी कलाकार’ या एका यादीत कोंबतो. आणि दीड तासाचं कीर्तन ऐकत असाल, तर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तो जिथे सोडलं तिथूनच वाजवतो ना, ते बघा.

सहावी पायरी: कार्ड आणि फाइली

सीडीवरचं एक तासाचं संगीत मूळ रूपात साधारण ६३५ एमबी होतं. फ्लॅकमध्ये ते काहीही न गमावता साडेतीनशे ते चारशे एमबीत बसतं, तर ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये १४४ एमबीत. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात फ्लॅकचं तीनशेहून अधिक तास संगीत मावतं. इतकं पुरेसं आहे. घरच्या सीडी असतील तर संगणकावर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या सॉफ्टवेअरने उतरवून घ्या. ते चुका शोधत, गरज पडल्यास तोच भाग पुन्हा वाचत काम करतं. वेळ लागतो, पण काम एकदाच करायचं असतं.

एमपी३ चं फ्लॅक केलं तर गेलेला आवाज परत येत नाही, फाइल नुसती फुगते. कुणी ‘फ्लॅक’ म्हणून दिलेली फाइल खरी आहे का, हे स्पेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्ररूपात दिसतं. १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली तर ती बहुधा १२८ केबीपीएसच्या एमपी३ वरून बनवलेली आहे. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत मात्र या चित्रावर जाऊ नका, त्यांत वरचे स्वर नसतातच.

मेमरी कार्ड बिल घेऊनच विकत घ्या. बनावट कार्डं खोक्यावर १२८ जीबी सांगतात आणि आत त्याच्या निम्मी-पाव जागा असते. गाणी भरली जातात, पण अर्धी वाजत नाहीत. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, आणि मॅक किंवा लिनक्सवर एफ३ चालवलं की खरी जागा कळते. हे काम गाणी भरण्याआधी करा. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅट स्वरूपात येतात. जुन्या प्लेअरला ते कळत नसेल तर कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करावं लागतं.

सातवी पायरी: दुकानात ऐकणं

पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड ही इलेक्ट्रॉनिक्सची जुनी ठिकाणं, पण चांगले प्लेअर ऐकायला ठेवणारी दुकानं मोजकी असतात. आधी फोन करून विचारा. जाताना स्वतःचा इयरफोन आणि स्वतःचं कार्ड न्या. दुकानदार जे गाणं लावतो ते त्या प्लेअरवर छानच वाजणार, त्यासाठीच ते निवडलेलं असतं.

कार्डात काय असावं? तंबोऱ्याची एक मिनिटाची फाइल नक्की ठेवा. जवारी चांगली लागलेल्या तंबोऱ्यातून एका झंकारात कितीतरी वरचे स्वर झिरपत असतात. वाईट प्लेअरवर ते एकमेकांत मिसळून नुसता गुंगाट होतो, चांगल्यावर एकेक तार छेडल्याचं कळतं आणि तिच्या मागे उमलणारा नाद वेगळा ऐकू येतो. दुसरी फाइल तबल्याची, डग्ग्यासाठी. तिसरी स्त्री-आवाजाची, तार सप्तकात जाणारी: तिथे ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचायला नकोत. चौथी हार्मोनियम आणि गायन एकत्र असलेली. तिथे सूर एकमेकांवर चढून चिकटतात का, ते बघायचं. तुम्ही शास्त्रीय संगीत ऐकत नसाल, तर ज्यांची प्रत्येक जागा तुम्हाला पाठ आहे अशी तीन-चार गाणी घ्या. नवं गाणं तपासणीला उपयोगाचं नाही.

तुलना करताना दोन्ही प्लेअरचा आवाज सारखा ठेवा. एखादा डेसिबल जास्त मोठा असलेला प्लेअर आपल्याला आपोआप ‘चांगला’ वाटतो, कान तसेच घडलेले आहेत. आकडे सारखे ठेवून चालत नाही, कारण एकाचा ३० म्हणजे दुसऱ्याचा ३० नव्हे. कानाने जुळवा, शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला जुळवायला सांगून डोळे मिटून ऐका.

मग गाणं थांबवा आणि नुसतं ऐका. इयरफोन जितका संवेदनशील, तितका प्लेअरचा ‘सुं’ असा पार्श्वस्वर जास्त ऐकू येतो. संध्याकाळच्या शांततेत आलाप ऐकणाऱ्याला तो छळतो. त्यानंतर आवाज अगदी बारीक ठेवून गाणं लावा आणि दोन्ही कानांत तो सारखा येतो का बघा. स्वस्त प्लेअरची इथे फजिती होते. शेवटी फोन प्लेअरला चिकटवून नेटवर डेटा चालू करा. टिक-टिक, गुरगुर ऐकू आली तर तो घेऊ नका.

जुना घ्यायचा असेल तर

वापरलेला आयपॉड क्लासिक अजून पुष्कळ लोक घेतात आणि त्यात नवी बॅटरी आणि फिरत्या डिस्कच्या जागी फ्लॅश कार्ड बसवून घेतात. त्यावर रॉकबॉक्स हे मोफत, सर्वांनी मिळून बनवलेलं सॉफ्टवेअर टाकलं की फ्लॅक वाजतं आणि आयट्यून्सची गरज उरत नाही. हातात पाना-पेचकस धरायची हौस असेल त्यांच्यासाठी हे सुंदर काम आहे. पहिला प्लेअर म्हणून मी कुणाला सुचवणार नाही. बॅटरी फुगलेलं यंत्र मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका.

आवाज किती ठेवावा

जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्यांसाठीचं मार्गदर्शन आठवड्याला ८० डेसिबल ४० तास असं आहे. आवाज ३ डेसिबलने वाढवला की सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० च्या आसपास जेमतेम ४. लोकलच्या खडखडाटावर मात करायला आपण नकळत आवाज चढवतो. कानात घट्ट बसणारी टोपी बाहेरचा गोंगाट बराच अडवते आणि आवाज खालीच ठेवता येतो, पण रस्ता ओलांडताना एक कान मोकळा ठेवा. प्लेअरच्या सेटिंगमध्ये कमाल आवाजाची मर्यादा असेल तर ती पहिल्याच दिवशी लावून टाका. मुलाच्या हातात देणार असाल तर नक्की.

घरी आणल्यावर

जीएसटीचं बिल आणि भारतातल्या वॉरंटीचा कागद जपून ठेवा. परदेशातून परस्पर आलेला माल स्वस्त पडतो, पण बिघडला तर दाद मागायला कुणी नसतं. परत देण्याची मुदत संपण्याआधी सगळं पारखून घ्या: प्रत्येक बटण, दोन्ही कान, पूर्ण भरलेलं कार्ड, पिन हलवल्यावर आवाज तुटतो का. रात्री पूर्ण चार्ज करून बंद ठेवा आणि सकाळी बघा, चार्ज बराच उतरलेला असेल तर बदलून मागा. पुढे कधी महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी निम्मी भरून ठेवावी. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी लिथियम बॅटरी पडून राहिली की लवकर म्हातारी होते, आणि या लहान यंत्रांत बॅटरी बदलून घेणं सोपं नसतं.